किल्ली ज्याच्या गळ्यात

माझ्या डोक्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. लहानपणी आई दुकानात पाठवायची तेव्हा सदऱ्याच्या टोकाला गाठ मारून द्यायची, आणि ती चाचपत मी दुकान गाठायचो. हाताला गाठ लागली की काय आणायचंय ते आपोआप ओठांवर यायचं. पुढे इलेक्ट्रिशियन झालो, कुवेतला आलो, सदऱ्याच्या जागी कंपनीचा निळा युनिफॉर्म आला, पण सवय तीच राहिली. डोक्याला ताण देण्यापेक्षा हाताला काम द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणजे असं की, सकाळी ताकाची बाटली न्यायची असेल तर व्हॅनची चावी मी आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये त्या बाटलीच्या गळ्यात अडकवून ठेवतो. चावीशिवाय व्हॅन हलत नाही, म्हणजे बाटलीशिवाय मी हलत नाही. घरी फोन करायचा असेल त्या दिवशी घड्याळ उजव्या हातात. ते दिवसभर खुपत राहतं आणि फोन झाल्याशिवाय डावीकडे जात नाही. पॅनल उघडलं की आधी मोबाइलवर फोटो, मग वायरींना रंगीत टेप, आणि काढलेले स्क्रू पुठ्ठ्यात टोचून ठेवायचे, जिथला तिथे. खोलीतली मंडळी हसतात. हसू देत. काम संपल्यावर त्यांच्याकडे स्क्रू उरतात, माझ्याकडे उरत नाहीत.

सगळ्यात जास्त हसायचे ते भाऊ. भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत. शेजारच्या गावचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे, आणि इथे आल्यावर मला हाताला धरून कामाला लावणारे. आम्ही दोघं एकाच व्हॅनवर होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. इमारतींच्या एसीची आणि लायटीची देखभाल हे आमच्या कंपनीचं काम. कुठल्या इमारतीचं पॅनल कुठे, कुठली वायर कुठून फिरून आली, हे सगळं भाऊंच्या डोक्यात असायचं. मी फोटो काढायला लागलो की म्हणायचे, "मेल्या, लग्नाचो आल्बम करतंस काय?" मी चिडायचो आणि त्यांना तेच हवं असायचं.

मग त्यांचं काहीतरी बिघडायला लागलं. रुमैथिया भागात जायचं नेहमीचं वळण चुकलं, तेव्हा उन्हावर गेलं. व्हॅनमध्ये एकच गोष्ट दोनदा विचारली, तेव्हा वयावर गेलं. एकदा त्यांच्या हातून आमटीत मीठ पुन्हा पडलं आणि सगळी खोली पाणी पीत बसली. तेव्हा भाऊंना घरची आठवण येतेय असं ठरवून मंडळी पोट धरून हसली. मी हसलो नाही. विसरणं म्हणजे काय ते मला आतून ठाऊक आहे, आणि हे ते नव्हतं. मी विसरतो तेव्हा विसरलो हे मला कळतं, म्हणून तर गाठ मारतो. भाऊंना ते कळत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात रुमैथियातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर मी एसीच्या युनिटमध्ये दोन्ही हात घालून बसलो होतो. तिथला गच्चीवरचा स्विच जळून नुसता शोभेला उरला होता, म्हणून खालच्या पॅनलरूममधला मेन बंद करायचा आणि एकाने तिथे उभं राहायचं, अशी आमची रीत होती. भाऊ खाली उभे होते. काम अर्ध्यावर असताना मला जिन्यातून पावलं ऐकू आली. बघतो तर भाऊ, हातात दोन कप चहा घेऊन वर आलेले.

"भाऊ, मेनाकडे कोण आसा?"

"खयचो मेन?" भाऊ म्हणाले.

मी हात बाहेर काढले आणि जिना उतरत खाली धावलो. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मेनच्या हॅण्डलला हात लावून उभा होता. भाडेकरू गरमीने ओरडत होते, पॅनलपाशी कोणी नव्हतं, त्याने आपल्या परीने बरोबरच केलं असतं. मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो बिचारा भिंतीला टेकला. खरं तर मला ओरडायचं होतं दुसऱ्यावर. वर गेलो तर भाऊ मला चहा गार होतोय म्हणून रागावले.

त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना. फोरमनला सांगितलं असतं तर त्याने आठवड्याच्या आत भाऊंना विमानात बसवलं असतं, आणि त्याचं चुकलंही नसतं. पण ज्याने मला पहिला टेस्टर हातात दिला, त्याला मी 'निकामी' म्हणून कसं दाखवू? आणि नाही सांगितलं, तर त्या माणसाच्या आठवणीवर मला रोज माझा जीव टांगावा लागणार. बायको नि पोरगी गावी माझ्या फोनची वाट बघतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. पण या मुठीत माझी मान होती.

विचार करून डोकं पिकलं तेव्हा मी माझ्या जुन्या धर्माला जागलो. डोक्याने सुटत नाही ना, मग हाताला काम द्या. शुवैखच्या एका दुकानातून मी चांगलं जाड कडीचं लाल कुलूप आणलं. मेनच्या हॅण्डलला भोक असतं, त्यात ते बसतं आणि मग हॅण्डल हलत नाही. किल्ली एकच ठेवली, दुसरी नाल्यात टाकून दिली. किल्लीला काळा गोफ बांधला आणि नियम केला: जो आत हात घालेल त्याने कुलूप स्वतः लावायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. काम झालं की त्यानेच खाली येऊन ते काढायचं. ज्याच्या गळ्यात किल्ली नाही, त्याने मेनला बोटही लावायचं नाही, मग समोर कोणीही बोंब मारो.

भाऊंना हे पटवणं सोपं नव्हतं. तुमच्यासाठी आहे म्हटलं असतं तर त्यांनी कुलूप माझ्या डोक्यात घातलं असतं. मी म्हटलं, "भाऊ, माझा डोक्या तुमका म्हायत आसा. काल मी मेन बंद केलंय काय नाय, तेच इसारलंय. माझ्यासाठी इतक्या करा."

"तुझा डोक्या आधीपासून नारळाचाच," ते खूश होऊन म्हणाले आणि गोफ गळ्यात घालून बघितला.

मी एवढ्यावर थांबलो नाही. रोज काम सुरू करायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहायचो, माझी छाती थोपटायचो आणि मोठ्याने म्हणायचो, "किल्ली माझ्याकडे." ते स्वतःची छाती चाचपायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे नाय." पहिले काही दिवस त्यांनी नाटकी आवाज काढून माझी टर उडवली. मग टर उडवायचंही विसरले आणि नुसता हात छातीवर जाऊ लागला. कोणी काही विचारलं की आधी हात गळ्याशी, मग उत्तर. फोरमनने विचारलं, "मेन चालू करें क्या?" की भाऊ आठवायच्या भानगडीत पडायचेच नाहीत. बोटांना गोफ लागला नाही की सरळ "नहीं." बाकी दिवस कितीही धुक्यात गेला तरी ही एक गोष्ट पक्की बसली होती. मला पुन्हा झोप लागायला लागली.

उन्हाळा असा पार पडला. मग दसरा आला.

आमच्या खोलीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पक्कड, टेस्टर, ड्रिल, क्रिम्पर, ज्याचं जे असेल ते धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ ठेवायचा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, पूजा हलवली की मगच ती हातात घ्यायची. तोवर हत्यारांना सुट्टी. गावी सुतार करवत उचलत नाही, इथे आम्ही पक्कड उचलत नाही. कोणाला आणीबाणीचं काम आलंच तर शेजारच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या चाचांकडून हत्यारं उसनी आणायची. ते प्लंबर, त्यांना आमची रीत पाठ आहे, आणि आमच्या ईदच्या शिरखुर्म्याची जबाबदारी त्यांच्याकडेच असते.

त्या वर्षी मांडणी भाऊंनीच केली. ही कामं त्यांना अजून बिनचूक जमत. सगळ्यांच्या मध्ये, नारळाला टेकवून, त्यांनी लाल कुलूप ठेवलं. किल्लीचा काळा गोफ कुलपाभोवती हारासारखा घातला आणि त्याला हळदकुंकू लावलं. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. त्यांना ते आता आपलं वाटत होतं.

दसरा शुक्रवारी आला होता. इथे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे मंडळी निवांत होती. श्रीखंडाचा डबा उघडायच्या बेतात होतो आणि फोरमनचा फोन आला. रुमैथियातली तीच इमारत, गच्चीवरचं मोठं युनिट बंद, वरचे दोन मजले तापलेत, तुम्ही दोघं लगेच निघा. बाकी गाड्या दुसरीकडे अडकल्या होत्या. कुवेतमध्ये ऑक्टोबर म्हणजे काही थंडी नव्हे.

मी चाचांकडून हत्यारं आणली आणि कुलूप उचलायला पाटाकडे हात केला. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"पूजेतला उचलू नको."

"भाऊ, हत्यार नाय उचलत. कुलूप तेवढा व्हया."

"ता हत्यार न्हय तर काय? मियां पूजा केलंय तेची. संध्याकाळपर्यंत हात लावचो नाय."

मी बाकीच्यांकडे बघितलं. त्यांना आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता, त्यांना फक्त मी पूजा मोडायला निघालोय एवढंच दिसत होतं. एक जण म्हणाला, एका दिवसाने काय होतंय. काय होतंय ते मी सांगू शकत होतो, पण भाऊंच्या समोर नाही. माझा संताप झाला. देवावर, दसऱ्यावर, फोरमनवर, आणि सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्याच्या हट्टावर. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि खाली उतरलो.

वाटेत कुलूप शोधलं. हार्डवेअरची दुकानं बंद. एका बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मिळालं ते पेटीचं चिमुकलं कुलूप. त्याची कडी हॅण्डलच्या भोकातून आरपार जाईना. मी ते डॅशबोर्डवर आपटलं. जात नाही म्हणून फोरमनला सांगायला तोंड होतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण माझ्या शेजारच्या सीटवर बसून खिडकीतून शांतपणे खजुराची झाडं बघत होतं. मी आत नि भाऊ मेनपाशी, याला दुसरा पर्यायही नव्हता. गच्चीचा जिना आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता.

पॅनलरूममध्ये मी मेन बंद केला आणि हॅण्डलभोवती लाल टेप चांगली जाडजूड गुंडाळली. भाऊंना समोर उभं केलं. छाती थोपटायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण म्हणायचं काय? किल्ली माझ्याकडे नव्हतीच. मी म्हटलं, "भाऊ, मी वर जातंय. मी येयपर्यंत हयसून हलू नकात."

"होय रे बाबा," ते म्हणाले. "कालचो आसंय मी?"

वर मी प्रत्येक स्क्रूला हात लावायच्या आधी टेस्टर लावत होतो. आत्ता करंट नाही, एवढंच टेस्टर सांगतो. पुढच्या क्षणाचं तो सांगत नाही. जळका कॉन्टॅक्टर, म्हणजे युनिटमधला मोठा स्विच, काढायचा आणि नवा बसवायचा, नेहमीचं काम. पण हात घामाने सटकत होते आणि फोटो काढायचंही मी विसरलो. मध्येच खालून आरडाओरडा ऐकू आला. हारिसचा आवाज ओळखला, दुसरा कोणाचा ते कळेना. एका हाताने भाऊंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. त्या वेळी सरळ खाली यायला हवं होतं असं कोणीही म्हणेल, पण दोन वायरी राहिल्या होत्या. त्या मी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने, एक हात पाठीमागे धरून आवळल्या, आणि देवाचं नाव घेतलं. ज्या देवावर मघाशी संतापलो होतो त्याचंच.

खाली आलो तेव्हा पॅनलरूमच्या दारात हारिस आणि बनियनवरचा एक भाडेकरू उभे होते. दोघंही घसा फाडून ओरडत होते. लाल टेप जमिनीवर पडली होती. ती हारिसने सोलून काढली होती. आणि भाऊ पॅनलला पाठ लावून, एक हात आडवा धरून उभे होते. दुसरा हात शर्टाच्या गळ्यात होता आणि बोटं काहीतरी शोधत होती. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. चेहरा घामाने निथळत होता.

"भाऊ, झाला काम. चालू करूया," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण आडवा हात खाली केला नाही. "किल्ली दाखव."

"भाऊ, मी इलंय ना खाली."

"कोण असलो तरी. किल्ली दाखव."

"किल्ली पूजेत आसा, भाऊ."

"कसली पूजा?" ते म्हणाले.

हारिस अरबीत, हिंदीत, मिळेल त्या भाषेत मला सांगत होता की हा म्हातारा वेडा आहे, मी विचारतो वर कोण आहे, तर म्हणतो माहीत नाही, मग मेन का लावू देत नाही विचारतो, तर म्हणतो किल्ली नाही. मला ते सगळं समजलं. भाऊंनाही बहुतेक समजलं, कारण त्यांचा आडवा हात हळूहळू खाली आला.

"वर तू होतस?" त्यांनी विचारलं.

"होय."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. दोन्ही हात धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिले, काळे डाग अंगठ्याने पुसले. मग कोपऱ्यातल्या उपड्या बादलीवर बसले. मी मेन चालू केला. वर युनिट गुरगुरलं, भाडेकरू निघून गेला, हारिसने भाऊंना पाण्याची बाटली आणून दिली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या माणसाला मी वर आहे हे आठवत नव्हतं. मी कोण, पूजा कसली, आपण इथे का उभे, यातलं काही त्याच्याजवळ उरलं नव्हतं, आणि तरी त्याने माझा जीव हातातून सोडला नव्हता. पण मला हेही स्वच्छ दिसलं की हे पुन्हा करता कामा नये.

मला ते बोलावं लागलं नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर भाऊंनीच तोंड उघडलं. त्या वेळी ते अगदी लख्ख होते, जसे पूर्वी असायचे.

"माका घराक जावचा आसा," ते म्हणाले. "रजेर न्हय. कायमचा."

"फोरमनाक काय सांगूया?"

"गुडघे दुखतत म्हणान सांग. ता काय खोटा नाय."

मग म्हणाले, घरी फोन लाव, आत्ताच सांगतो, नाहीतर संध्याकाळी परत काहीतरी वेगळंच बोलेन. हे ते हसत म्हणाले, पण माझ्याने हसवलं नाही. मी त्यांच्या बायकोला फोन लावून दिला. आम्ही तिला वहिनी म्हणतो. भाऊंनी तिला येतोय म्हणून सांगितलं. आंब्याला मोहर यायच्या आत येतो, म्हणाले. पोरांची चौकशी केली, गाईची केली, आवस कशी आसा म्हणत तिच्या आईची केली. मग फोन माझ्या हातात देऊन पाणी प्यायला खाली उतरले.

मी शब्द जुळवत होतो. वहिनीला एकदम धक्का बसू नये म्हणून गुडघ्यांपासून सुरुवात करावी, मग हळूहळू विसराळूपणावर यावं, असं ठरवलं होतं. "वहिनी," मी म्हटलं, "भाऊंचा अलीकडे जरा..."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "दर शुक्रवारी फोनार माझ्या आवशीची खबर घेतत. आवस कदीच गेली. तेंनीच खांदो दिलो हुतो."

मी विचारलं, "मगे तुमी काय सांगतास तेंका?"

"बरी आसा म्हणान सांगतंय," वहिनी म्हणाली. "तिकडे कळला तर तेंका कामावरसून काढतीत, म्हणान मी कोणाक बोलाक नाय. तुका पण नाय."